मानकात बसणारे पाणी आणि लोणारचे सरोवर : सांडपाणी प्रक्रियेच्या निकषांची चिकित्सा

प्रस्तावना :
नगरपालिका क्षेत्रातील सांडपाण्याची चर्चा आपल्याकडे बहुधा प्रक्रिया केंद्राच्या क्षमतेपाशी येऊन थांबते. दररोज किती लिटर पाण्यावर प्रक्रिया होते आणि बाहेर पडणारे पाणी मानकात बसते की नाही, एवढे समजले की प्रश्न सुटला असे मानले जाते. सरोवराकाठच्या लहान गावाला ही कसोटी पुरेशी आहे काय, याचा विचार बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या संदर्भात प्रस्तुत लेखात केला आहे.

मानकांचे स्वरूप :
केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेनुसार महानगरे वगळता अन्यत्र प्रक्रिया केलेल्या पाण्याची जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी दर लिटरला ३० मिलिग्रॅमपर्यंत आणि सामू ६.५ ते ९ असावा लागतो. निलंबित घनपदार्थ व विष्ठाजन्य जिवाणू यांनाही मर्यादा आहे. नायट्रोजन व फॉस्फरस यांना मात्र नाही. वाहत्या नदीपुरता हा तर्क समजण्याजोगा आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये याहून कडक मानकांचा आदेश दिला. परंतु निकष कितीही कडक झाले तरी तपासले जाते ते केंद्रातून बाहेर पडणारे पाणी. ते ज्या जलाशयात मिसळते त्याच्या प्रकृतीची दखल त्यात नसते.

लोणारचे वेगळेपण :
उल्कापाताने बेसाल्ट खडकात झालेल्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात हे सरोवर आहे. झऱ्यांचे गोडे पाणी त्यात येते, परंतु बाहेर जाण्यास प्रवाह नाही. बाष्पीभवनाने पाणी उडते व क्षार मागे राहतात. म्हणूनच अनेक अभ्यासांत त्याचा सामू १० च्या आसपास नोंदला गेला आणि त्या अल्कलीत जगणारी सूक्ष्मजीवसृष्टी तेथे आढळली. हे संतुलन किती नाजूक आहे हे २०२० मध्ये दिसले. पाणी आटून क्षारता वाढली, क्षारप्रिय सूक्ष्मजीव बळावले आणि सरोवर गुलाबी झाले. त्याच वर्षी त्याला रामसर दर्जा मिळाला. काठावरील शहराचे सांडपाणी सरोवरात उतरण्याचा प्रश्नही मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिकेच्या निमित्ताने आला.

येथे मानकांतील विसंगती स्पष्ट होते. सामू ६.५ ते ९ असलेले पाणी नियमानुसार निर्दोष आहे. परंतु सामू १० च्या सरोवराला ते परकेच. ते क्षारता सौम्य करते, शिवाय त्यासोबत आलेली पोषकद्रव्ये वाहून जाण्यास वाट नसल्याने सरोवरातच साचतात. म्हणजे केंद्र उत्तम चालले तरी सरोवराची हानी संभवते.

अन्यत्रचा अनुभव :
अमेरिकेतील सिएटल परिसरात प्रक्रिया केलेले सांडपाणी वॉशिंग्टन सरोवरात सोडले जाई. तरीही १९५५ मध्ये तेथे उपद्रवी नीलहरित शैवाल आढळले. १९६३ ते १९६८ या काळात हे पाणी अन्यत्र वळविल्यावरच सरोवर निवळले. टाहो सरोवराकाठच्या दक्षिण टाहो वस्तीने तर प्रगत प्रक्रिया केलेले पाणीही १९६८ पासून खोऱ्याबाहेर नेले. पुढे ते सिंचनास उपयोगी पडले. ही सरोवरे गोड्या पाण्याची आहेत आणि तेथील आर्थिक बळ लोणारपाशी नाही, हा आक्षेप रास्तच आहे. तथापि प्रक्रिया आणि विसर्जनाची जागा हे दोन स्वतंत्र निर्णय आहेत, हे तत्त्व खर्चावर अवलंबून नाही.

निष्कर्ष :
लोणारसारख्या ठिकाणी केंद्राचे यश किती पाणी शुद्ध झाले यापेक्षा किती पाणी विवराबाहेर राहिले यावरून ठरावे. किती घरांची गटारे केंद्राला जोडली आहेत, पावसाळ्यात नाले भरून वाहिल्यावर पाणी कोठे जाते आणि प्रक्रियेनंतरचे पाणी कोणत्या शेतीला मिळते, हे नगरपरिषदेच्या वार्षिक अहवालात आले पाहिजे. त्यासोबत सरोवराचा सामू, क्षारता व फॉस्फरस यांची नियमित नोंद हवी. पर्जन्यछायेतील या भागात प्रक्रिया केलेले पाणी शेताला हवेच आहे. सरोवराला मात्र ते नको आहे. हा भेद मानकांत येईपर्यंत ‘मानकांची पूर्तता’ हे शब्द सरोवराच्या संरक्षणाची ग्वाही देऊ शकत नाहीत.