एक दिल्ली, पाच ग्रंथप्रकार : मराठी ऐतिहासिक वाङ्मय कसे निवडावे आणि कसे वाचावे

प्रस्तावना

दिल्लीतील करोल बाग हे नाव घेतले की अजमल खाँ रोडवरची गर्दी, बँक स्ट्रीटवरची सराफी दुकाने आणि शेजारच्या राजिंदर नगरातील स्पर्धा परीक्षांचे वर्ग आठवतात. महाराष्ट्रातून आलेले अनेक विद्यार्थी याच भागात भाड्याच्या खोल्यांत राहतात. सांगली जिल्ह्यातून आलेले सोन्या-चांदीच्या गलाईचे कारागीरही इथल्या सराफ्यात पिढीजात काम करतात. या वस्तीपासून दक्षिणेला सुमारे तीन किलोमीटरवर तालकटोरा आहे. 1737 च्या मार्चमध्ये पहिल्या बाजीरावाच्या फौजेची आणि मोगल फौजेची गाठ त्याच परिसरात पडली. उत्तरेला बारा-पंधरा किलोमीटरवर यमुनाकाठी बुराडी आहे. तिथे 10 जानेवारी 1760 रोजी दत्ताजी शिंदे पडले. आणखी उत्तरेला, दिल्लीपासून सुमारे नव्वद किलोमीटरवर, पानिपत.

म्हणजे मराठी वाचक करोल बागेत बसून या तीनही जागांविषयी वाचू शकतो. प्रश्न असा, की त्याने वाचावे काय? कादंबरी, बखर, पत्रसंग्रह की इतिहासग्रंथ? प्रस्तुत पाठात अठराव्या शतकातील मराठ्यांच्या उत्तरेकडील राजकारणाविषयीचे पाच ग्रंथप्रकार आपण पाहणार आहोत. कोणता प्रकार आपल्याला काय देतो आणि काय देऊ शकत नाही, हे समजून घेणे हा पाठाचा हेतू आहे. कादंबरीतील संवाद 'इतिहास' म्हणून उत्तरपत्रिकेत उतरवलेला दर वर्षी आढळतो. त्यात दोष कादंबरीचा नसतो. वाचणाऱ्याने ग्रंथप्रकार ओळखलेला नसतो.

1. पत्र : लिहिणाऱ्याचा हेतू

दिल्लीच्या स्वारीनंतर बाजीरावाने धाकटा भाऊ चिमाजी आप्पा याला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. मराठे चंबळेपार पळाले, अशी बढाई सादतखानाने बादशहाकडे मारली होती. आपण अजून हिंदुस्थानातच आहोत हे बादशहाला दाखवावे, म्हणून बाजीराव मोगल फौजांना बगल देऊन थेट दिल्लीपाशी आला. कालकादेवीजवळ त्याचा मुक्काम पडला. शहर जाळण्याचा विचार आधी मनात होता, पण तसे केल्याने राजकारणाची वाट बंद होईल म्हणून तो सोडला, असे त्याने स्वतःच कळवले आहे. पुढे शहरातून फौज बाहेर आली. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे यांनी तिचा मोड केला. मग बाजीराव फार न थांबता माघारी निघाला.

हे पत्र वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली अशी, की घटनेला इतका जवळचा आणि इतक्या अधिकाराच्या माणसाचा मजकूर आपल्याला क्वचित मिळतो. दुसरी अशी, की बाजीराव इथे केवळ हकीकत सांगत नाही. आपला निर्णय शहाणपणाचा होता, हेही तो पटवून देतो. घरी आणि दरबारात त्याचे प्रतिस्पर्धी होते. तेव्हा अस्सल पत्र म्हणजे शंभर नंबरी सोने, असे समजू नये. त्यातही थोडे हीण असते, ते लिहिणाऱ्याच्या हेतूचे.

अशा पत्रांचे मोल मराठी समाजाला उमगले ते प्रामुख्याने वि. का. राजवाडे यांच्यामुळे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड 1898 साली निघाला. त्यात 1750 ते 1761 या काळातील पत्रे आहेत. सदाशिवरावभाऊने गोविंदपंत बुंदेल्याला पैशासाठी आणि रसदेसाठी धाडलेली पत्रे ओळीने वाचली, तर पानिपतची मोहीम तलवारीइतकीच धान्याच्या गोण्यांवर अवलंबून होती, हे कोणी वेगळे सांगावे लागत नाही.

2. बखर : समाजाची आठवण

पानिपतावर एकाहून अधिक बखरी आहेत. त्यांपैकी 'भाऊसाहेबांची बखर' वाङ्मयगुणांमुळे सर्वांत जास्त वाचली गेली. तिचा कर्ता आणि रचनाकाळ यांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तारखा, फौजेचे आकडे आणि प्रसंगांचा क्रम यांबाबत तिच्यावर विसंबता येत नाही.

मग ती का वाचावी? बुराडीच्या घाटावर जखमी दत्ताजीने शत्रूला दिलेले उत्तर महाराष्ट्रातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ते उत्तर आपल्यापर्यंत पोचले ते बखरीच्या वाटेने. दत्ताजी नेमके तेच बोलले का, हे सिद्ध करता येणार नाही. पण पराभवानंतर एका समाजाला आपला सेनानी कसा आठवावासा वाटला, याचा बखर हा भक्कम पुरावा आहे. 'पानिपत होणे' हा वाक्प्रचार मराठीत रुजला, 'विश्वास पानिपतात गेला' असे आपण म्हणू लागलो. घटनेचे भाषेत असे रूपांतर कसे झाले, हे बखरीतून कळते. तिला 'खोटा इतिहास' म्हणून बाजूला सारणे आणि 'खरा इतिहास' म्हणून डोक्यावर घेणे, या एकाच चुकीच्या दोन बाजू आहेत.

3. इतिहासग्रंथ : वाद घालणारा प्रकार

त्र्यं. शं. शेजवलकर यांचा पानिपतवरील ग्रंथ 1946 साली इंग्रजीत आणि 1961 साली, लढाईला दोनशे वर्षे पूर्ण होताना, मराठीत आला. तोवर पराभवाचे खापर व्यक्तींवर फोडण्याची रीत पडून गेली होती. खुद्द राजवाड्यांनी प्रस्तावनेत मल्हारराव आणि गोविंदपंत यांना कठोर दोष दिला आहे. शेजवलकरांनी भाऊची बाजू समजून घेतली आणि पेशव्यांच्या उत्तरेतील धोरणाचीच झडती घेतली.

लाल किल्ल्यातील दिवाण-ए-खासचे चांदीचे छत हे उदाहरण घ्या. 1760 च्या पावसाळ्यात दिल्ली हाती आल्यावर भाऊने ते उतरवले आणि त्याची नाणी पाडली. या कृत्याला उद्धटपणा म्हणता येईल, तसेच फौजेचा पगार थकलेल्या सेनापतीची निकडही म्हणता येईल. इतिहासकाराने आपला कौल द्यावा, पण पुरावाही समोर ठेवावा, म्हणजे वाचकाला असहमत होता येते. शेजवलकर ठाम मताचे लेखक आहेत. तरीही त्यांच्याशी भांडण्याची साधने ते आपल्याच हाती देतात. चांगला इतिहासग्रंथ ओळखण्याची ही एक खूण समजावी.

4. कादंबरी : रिकाम्या जागेतील माणूस

मराठी ऐतिहासिक कादंबरीची सुरुवात रा. भि. गुंजीकरांच्या 'मोचनगड' (1871) या कादंबरीपासून मानतात. हरिभाऊ आपटे यांनी ती लोकप्रिय केली. रणजित देसाई यांची 'स्वामी' (1962) आणि ना. सं. इनामदार यांची 'राऊ' (1972) या कादंबऱ्यांनी पेशवाईतील माणसे घराघरांत नेली.

'राऊ'चा गाभा दिल्लीची स्वारी हा नाही, बाजीराव आणि मस्तानी यांचे नाते हा आहे. मस्तानीविषयी विश्वसनीय साधने फार थोडी आहेत. जिथे कागद मुका होतो तिथून कादंबरीकार बोलू लागतो, आणि तो त्याचा हक्कच आहे. बाजीरावाच्या पत्रात राजकारणी दिसतो. घरात एकटा पडलेला माणूस आपल्याला इनामदार दाखवतात. मात्र हा माणूस त्यांनी घडवलेला आहे, हे वाचकाने विसरू नये.

विश्वास पाटील यांची 'पानिपत' (1988) या परंपरेत वेगळी उठून दिसते. तिचे बळ रणवर्णनात आहे असे सर्रास म्हटले जाते. मला ते तिच्यातील भुकेत दिसते. वेढ्यातील उपासमार, थंडी, फौजेबरोबर निघालेले हजारो बिनलढाऊ लोक, चाऱ्यावाचून मरणारी जनावरे हे सारे वाचताना राजवाड्यांच्या खंडातील रसदेच्या पत्रांना रक्तमांस येते. भाऊविषयीचा जुना आकस सामान्य वाचकाच्या मनातून दूर करण्यात या कादंबरीचा वाटा मोठा आहे.

तिची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. भाषा पुष्कळदा आवेशात चढते. मग पात्रांचे शूर आणि दगलबाज असे दोन गट पडतात. शेजवलकर जो प्रश्न उघडा ठेवतात, तो कादंबरी भावनेच्या जोरावर मिटवून टाकते. ऐतिहासिक कादंबरीने कल्पना लढवली म्हणून ती उणी ठरत नाही. वाचकाला शंका घ्यायला जागा ठेवली नाही, तर ती उणी ठरते.

5. उलटी बखर : दुसऱ्या बाजूचा आवाज

करोल बागेत बंगाली वस्तीही जुनी आहे. समजा, मराठी विद्यार्थ्याचा खोलीतला सोबती बंगाली निघाला. मराठ्यांचा विषय निघताच त्याला बहुधा आजीने म्हटलेले अंगाईगीत आठवेल, ज्यात मुलाला झोपवताना 'बर्गी' आल्याची भीती घातलेली असते. बर्गी म्हणजे आपले बारगीर. 1740 च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. त्या लुटीचे वर्णन गंगाराम या कवीच्या 'महाराष्ट्रपुराण' या समकालीन बंगाली काव्यात आहे. आपल्या पाठ्यपुस्तकातील पराक्रम शेजारच्याच्या घरी भय म्हणून जपलेला असतो, हे कळण्याचा क्षण अवघड असतो. वाचकाचे शिक्षण मात्र तिथेच सुरू होते.

नंदा खरे यांची 'अंताजीची बखर' (1997) ही कादंबरी हा क्षण मराठीत आणते. रूप बखरीचे, पण निवेदक वीर नाही. अंताजी हा आपला जीव सांभाळणारा, चौकस, प्रसंगी लबाड असा सामान्य माणूस आहे. त्याच्या नजरेतून स्वाऱ्यांचा हिशेब आणि इंग्रजांचा बंगालमधील वाढता जोर दिसू लागतो. बखरीने वीरांच्या आठवणी जपल्या होत्या. खरे यांनी तेच रूप वापरून वीरगाथेलाच प्रश्न विचारले. दत्ताजीच्या उत्तराने ऊर भरून आलेल्या वाचकाने हे पुस्तक त्यानंतर लगेच वाचावे. अभिमान सोडण्याची गरज नाही, पण त्याला शहाणपणाची जोड मिळेल.

वाचनाचा क्रम

बहुतेकांचे वाचन कादंबरीपासून सुरू होते, आणि त्यात गैर काही नाही. 'पानिपत' वाचून झाल्यावर त्यातील एकच प्रसंग निवडावा आणि तो शेजवलकरांच्या ग्रंथात शोधावा. मग त्याविषयीची पत्रे राजवाड्यांच्या खंडात मिळतात का ते पाहावे. त्यानंतर बखर चाळावी आणि शेवटी 'अंताजीची बखर' घ्यावी. ही पाच पुस्तके अशी वाचली, तर इतर पन्नास पुस्तकांची पारख आपसूक येते.

सारांश

प्रत्येक ग्रंथप्रकार वाचकाला एक वचन देतो. पत्र जवळिकीचे, बखर आठवणीचे, इतिहास पुराव्याचे आणि कादंबरी माणसाच्या अंतरंगाचे. एकाचे वचन दुसऱ्याकडून वसूल करू नये. ज्याने जे वचन दिले ते त्याने पाळले का, हे तपासणे म्हणजे समीक्षा.

स्वाध्याय

1. बाजीरावाच्या 1737 च्या पत्रातून दिल्ली न जाळण्याचे कोणते कारण पुढे येते? पत्रलेखकाचा हेतू लक्षात घेऊन त्याची चर्चा करा.
2. तारखांच्या दृष्टीने अविश्वसनीय असलेली बखर समाजाच्या इतिहासासाठी उपयुक्त कशी ठरते?
3. दिवाण-ए-खासचे छत उतरवण्याच्या घटनेवर इतिहासकार आणि कादंबरीकार यांच्या भूमिकेतून प्रत्येकी दहा ओळी लिहा. दोन्ही लेखनांत तुम्ही काय गाळले, ते नोंदवा.
4. तुमच्या गावाजवळील एखाद्या ऐतिहासिक स्थळाविषयी शेजारच्या प्रांतात वेगळी आठवण जपली गेली आहे का? शोधा आणि टिपण लिहा.