‘स्मृतिचित्रे’तील प्रांजळपणाचे अधिष्ठान

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’विषयी आजवर जे लेखन झाले, त्यात या ग्रंथाच्या विनोदाची, घरगुती भाषेची आणि प्रांजळ निवेदनाची प्रशंसा सर्वत्र आढळते. ती यथार्थच आहे. परंतु हा प्रांजळपणा बहुधा लेखिकेच्या स्वभावाचा गुण म्हणून नोंदवला जातो आणि विवेचन तेथेच थांबते. स्वभावाचा वाटा नाकारण्याचे कारण नाही. तथापि १९३०च्या दशकात भागशः प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथनामागे एक विशिष्ट श्रद्धा उभी आहे, आणि तिचा विचार केल्यावाचून या प्रांजळपणाचा पुरता उलगडा होत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

ती श्रद्धा अशी : ईश्वर मनुष्याला अंतर्बाह्य ओळखतो, आणि ओळखूनही त्याच्यावर प्रेम करतो. ‘बायबल’मधील १३९व्या स्तोत्रात कवीला आपले बसणे-उठणे आणि ओठांवर न आलेला शब्दही ईश्वराला ठाऊक असल्याची जाणीव होते. प्रथम या दृष्टीपासून पळून कोठे जावे, असा प्रश्न त्याला पडतो. पण शेवटी तोच ईश्वराला आपले अंतःकरण तपासण्याची विनंती करतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस येणारा पेत्राचा प्रसंग याहून मर्मभेदक आहे. येशूला आपण ओळखतही नाही, असे पेत्राने तीनदा सांगितले होते. पुनरुत्थित येशू त्याला, तुझे माझ्यावर प्रेम आहे काय, असे तीनदाच विचारतो. तिसऱ्या वेळी व्यथित झालेला पेत्र आपल्या निष्ठेचा दाखला देत नाही, कारण तसा दाखला त्याच्यापाशी उरलेलाच नाही. तुला सर्व ठाऊक आहे, एवढ्याच आधारावर तो उत्तर देतो. ज्या ज्ञानाने त्याला दोषी ठरवावे, तेच त्याचे आश्रयस्थान होते.

आपल्या परंपरेला ही कल्पना सर्वस्वी परकी नाही. अंतर्यामी, अंतःसाक्षी हे शब्द आपल्या घराघरांत रुळलेले आहेत, आणि विठ्ठलापुढे आपले दोष उघडे करणाऱ्या संतवाणीवर मराठी मन पोसले आहे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंगाचा आश्रय केला, तो याच आप्तभावामुळे. ख्रिस्ती श्रद्धेचा विशेष मात्र क्रुसापाशी आहे. तेथे दोष जाणणारा ईश्वर तो दोष स्वतःच्या अंगावर घेतो, म्हणून दोष कबूल केल्याने प्रेम गमावण्याची भीती उरत नाही.

आता ‘स्मृतिचित्रे’कडे वळू. लक्ष्मीबाईंचे बालपण ज्या घरात गेले, तेथे वडिलांचे सोवळे मीठसुद्धा धुऊन घेण्यापर्यंत पोहोचले होते. म्हणजे शुद्धी ही जपायची, तपासायची आणि सतत धोक्यात असलेली वस्तू. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्या त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही आरंभी त्यांनी आपला आचार वेगळा ठेवला. पुढे स्वतःच्या विचाराने त्यांनी स्पर्शास्पर्श टाकला आणि त्यानंतर बाप्तिस्मा घेतला. हा सारा प्रवास सांगताना त्या पूर्वीच्या लक्ष्मीबाईंचा धिक्कार करीत नाहीत आणि नंतरच्या लक्ष्मीबाईंना थोरपणही देत नाहीत. दोघींकडे त्या सारख्याच ममतेने पाहतात. धर्मांतराच्या कथनात हे दुर्मीळ आहे.

टिळकांविषयीही हेच. त्यांचा संताप, न सांगता घरातून निघून जाणे, हातचा पैसा दुसऱ्याला देऊन मोकळे होणे, आणि यांपायी संसाराची झालेली परवड, यांतले काहीच झाकलेले नाही. रमाबाई रानडे यांच्या १९१० सालच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ येथे तुलनेसाठी आठवतात. त्याही प्रामाणिक आहेत. परंतु तेथे पतीचे चित्र पूज्यभावाच्या मखरात बसवलेले आहे. लक्ष्मीबाईंना मखराची गरज भासत नाही. टिळकांचे दोष वाचून वाचक हसतो, क्वचित चिडतो, पण त्यांच्याविषयीचे त्याचे प्रेम उणे होत नाही. पूर्ण ओळख आणि पूर्ण प्रेम एकत्र नांदू शकतात, हे येथे प्रत्ययाला येते.

यावर एक आक्षेप संभवतो. लक्ष्मीबाई धर्मोपदेश फारसा करीत नाहीत; मग ही श्रद्धा त्यांच्या लेखनावर आपणच लादत नाही काय? आक्षेप विचारार्ह आहे. संत ऑगस्टीन इ. स. ४००च्या सुमारास आपले ‘कबुलीजबाब’ साक्षात ईश्वराला उद्देशून लिहितो आणि ज्याला सर्व ठाऊक आहे त्याला हे का सांगावे, असे स्वतःलाच विचारतो. लक्ष्मीबाई असा प्रश्न विचारीत नाहीत. पण श्रद्धेचा पुरावा तिच्या उच्चारातच शोधावा असे नाही. सांगणारी व्यक्ती कशाला भीत नाही, यावरूनही ती कोणत्या आधारावर उभी आहे हे कळते. दुसरी मर्यादा मात्र मान्य केली पाहिजे. टिळक १९१९ साली निवर्तले होते. आपल्या चित्राला उत्तर देण्यास ते नव्हते. पत्नीचे ज्ञान कितीही निकटचे असले तरी ते ईश्वराचे ज्ञान नव्हे.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आपल्या घराण्यांना या ग्रंथाचे महत्त्व वेगळ्या कारणासाठीही आहे. आपले कुलवृत्तान्त बहुधा सनदा, हुद्दे आणि दानधर्म यांनीच भरलेले असतात. भांडणे, कर्जे, घर सोडून गेलेला मुलगा, धर्म वा जात ओलांडल्यामुळे वंशावळीतून गाळलेले नाव, यांना तेथे स्थान नसते. परिणामी पूर्वजांविषयी आदर राहतो, परंतु ओळख राहत नाही. गाळलेली नावे परत लिहिण्यासाठी ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारावी लागत नाही. दोष ठाऊक असूनही माणूस आपलाच राहतो, एवढा विश्वास मात्र लागतो. तो लक्ष्मीबाईंपाशी होता.