‘त्राटिका’ उजेडात केली तर?

मराठीत ‘प्रयोग’ हा शब्द लॅबमध्येही चालतो आणि नाट्यगृहातही. आज दुसऱ्या प्रयोगाकडे पहिल्याच्या नजरेने बघूया.

फर्ग्युसन कॉलेज १८८५ मध्ये सुरू झालं ते शनिवार पेठेतल्या गद्रे वाड्यात. या कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी शेक्सपिअरच्या ‘द टेमिंग ऑफ द श्रू’चं रूपांतर केलं, ‘त्राटिका’. १८९० च्या दशकात शाहूनगरवासी नाटक मंडळीने ते गाजवलं. नायक गणपतराव जोशी, त्राटिका बाळाभाऊ जोग.

यावर लिहायला बसलात तर दोनपैकी एक निकाल लगेच सुचेल: ‘नाटक स्त्रीद्वेष्टं आहे’, नाहीतर ‘फार्स आहे, मनावर काय घेता’. दोन्ही निकाल फक्त संहिता वाचून दिलेले. प्रयोगाची परिस्थिती नोंदवलीच नाही, तर निष्कर्ष कशाचा?

मूळ नाटकातली एक जागा बघा. नायक बायकोला उपाशी ठेवतो, झोपू देत नाही. मग एकटाच पुढे येऊन ससाणा माणसाळवावा तशी आपली पद्धत समजावतो आणि प्रेक्षकांना विचारतो, याहून बरा उपाय कुणाला ठाऊक असेल तर सांगा. लंडनच्या उघड्या नाट्यगृहांत खेळ दुपारी व्हायचे. नटाला प्रेक्षकांचे चेहरे दिसायचे, प्रेक्षकांना एकमेकांचे. तिथे हा प्रश्न खराच विचारला जातो. अंधाऱ्या प्रेक्षागृहात मात्र तो नुसता विनोद होऊन निघून जातो.

समजा, हाच प्रवेश शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात, भर दुपारी केला. नट तेच, शब्द तेच. बदलला फक्त उजेड. माझा अंदाज असा, की शेजारी बायको, आई बसलेली दिसत असताना हसणारा थोडा अडखळेल. पण उलटही होऊ शकतं. गर्दीत हसू पसरतं, एक हसला की दहा हसतात. म्हणून फक्त ‘लोक हसले’ एवढी नोंद पुरत नाही. कोण हसलं, आणि हसण्याआधी कुणी शेजाऱ्याकडे पाहिलं का, हेही टिपावं लागेल. आपला अंदाज कशाने खोटा ठरेल हे आधी लिहून ठेवलं नाही, तर ती समीक्षा नव्हे, नुसतं मत.

माझी खरी तक्रार नावाबद्दल आहे. मूळ नावात निदान ‘माणसाळवणं’ ही क्रिया दिसते. कोण करतंय, असं विचारता येतं. ‘त्राटिका’ म्हटलं की रामायणातली राक्षसी आठवते आणि पडदा उघडायच्या आधीच बाई दोषी ठरते. सँपलवर निकालाचं लेबल लावून मग चाचणी करण्यासारखं झालं हे. उजेड कितीही पाडला तरी हे लेबल प्रेक्षक घरूनच घेऊन येतो.

तेव्हा तुमच्या प्रपोजलचं शीर्षक आज एकदा परत वाचा. त्यात प्रश्न आहे, की उत्तर आधीच लिहून टाकलंय?