दोन अक्षरांची पागडी

इंटरनेटवरच्या नावांच्या बाजाराकडे मी वळलो तो एका नुकसानीमुळे. जुन्या नियतकालिकांच्या सूची मी अनेक वर्षे करत आलो आहे. त्या ठेवण्यासाठी एक छोटी साइट केली होती. तिचे नाव पाच रोमन अक्षरांचे, एका साध्या मराठी शब्दाचे लिप्यंतर. वर्षाकाठी हजार-बाराशे रुपये भरले की वर्ष निघत असे. एका वर्षी नूतनीकरणाच्या सूचना मी वापरणे सोडून दिलेल्या ईमेलवर जात राहिल्या. मला जाग आली तेव्हा ते नाव दुसऱ्याच्या खात्यावर गेले होते आणि पानावर फलक होता: विक्रीसाठी उपलब्ध, किंमत २,८०० डॉलर. मी नव्या धारकाला लिहिले. उत्तर आले, सभ्य होते. शब्दाचा अर्थ काय, हे त्याने विचारले नाही. पाच अक्षरे, व्यंजनामागून स्वर असा क्रम, कोणत्याही देशातल्या माणसाला उच्चारता येईल असे नाव, एवढे त्याला पुरेसे होते.

चूक माझीच होती. डॉट कॉमची मुदत संपल्यावर सवलतीचे काही दिवस, मग दंड भरून सोडवून घेण्याचे ३० दिवस, मग खोडून टाकण्याआधीचे ५ दिवस असा क्रम असतो आणि तो संपतो त्या क्षणी नाव टिपण्यासाठी काही कंपन्यांची यंत्रे टपून बसलेली असतात. त्यामुळे तक्रार नाही. पण त्या उत्तराने मला कामाला लावले. माझ्या दृष्टीने त्या नावात जे काही होते ते त्या शब्दात होते. बाजारात मात्र तो शब्द गळून पडल्यावर जे उरले त्याला भाव होता. हे कसे होते, हे समजून घेण्यासाठी मी न्यायनिवाडे आणि जाहीर झालेले व्यवहार वाचत गेलो. त्यातून हाती आले ते इथे मांडतो.

आधी हिशेब. रोमन लिपीत २६ अक्षरे. त्यांची दोन अक्षरी नावे ६७६ होतात, तीन अक्षरी १७,५७६ आणि चार अक्षरी ४,५६,९७६. त्यापलीकडे एकही नाही आणि होणारही नाही. एक अक्षरी नावे २६ असायला हवीत. पण जॉन पोस्टेल या संगणकशास्त्रज्ञाने १९९३ च्या डिसेंबरात उरलेली सगळी राखून ठेवली. आधीच नोंदलेली तीनच डॉट कॉमखाली शिल्लक राहिली: क्यू, एक्स आणि झेड. ही टंचाई निसर्गाने केलेली नाही. अक्षरांचा संच, शेवटी डॉट कॉमच हवे हा लोकांचा आग्रह आणि एका माणसाचा प्रशासकीय निर्णय, या तिन्हींतून ती तयार झाली. व्यापारी मंडळी तिच्याविषयी हिऱ्याच्या खाणीविषयी बोलावे तसे बोलतात, ते मला पटत नाही.

सुरुवातीला ही नावे फुकट मिळत. पहिले डॉट कॉम, सिम्बॉलिक्स या संगणक कंपनीचे, १५ मार्च १९८५ रोजी नोंदले गेले. पुढे दहा वर्षे मागेल त्याला नाव मिळत होते. १९९४ मध्ये जोशुआ क्विटनर या पत्रकाराने मॅकडॉनल्ड्स डॉट कॉम स्वतःच्या नावावर करून घेतले आणि 'वायर्ड' मासिकात त्यावर लेख लिहिला. त्याने कंपनीला आधी फोन करून विचारले होते. हे नाव तुम्हाला हवे का, या प्रश्नाचे धड उत्तर देणारा माणूस तिथे त्याला भेटला नाही. शेवटी ब्रुकलिनमधल्या एका शाळेच्या संगणकांसाठी ३,५०० डॉलर देऊन कंपनीने नाव परत घेतले. नोंदणीला शुल्क लागले ते १९९५ च्या सप्टेंबरात, दोन वर्षांचे १०० डॉलर. या बाजाराच्या दंतकथांत ज्याला 'दूरदृष्टी' म्हणतात, तिचा बराच भाग फुकटच्या काळात रांगेत पुढे उभे असण्याचा आहे. सगळाच तसा नाही. बिझनेस डॉट कॉम १९९७ मध्ये दीड लाख डॉलरना घेणाऱ्याला लोक हसले होते. १९९९ मध्ये ते ७५ लाखांना गेले. ज्याच्याकडे हजार नावे आहेत तो वर्षाला दहा हजार डॉलरच्या आसपास नुसते नूतनीकरणावर घालतो, आणि त्यातली बहुतेक कधीच विकली जात नाहीत. जोखीम आहे, हे मान्य.

पण जोखीम कशावर घेतली जाते? या व्यापाऱ्यांचा आवडता शब्द 'जमीन'. नाव म्हणजे डिजिटल भूखंड. या रूपकाला न्यायालयाचाही आधार मिळाला आहे. गॅरी क्रेमेनने १९९४ मध्ये सेक्स डॉट कॉम नोंदवले. १९९५ मध्ये स्टीफन कोहेनने बनावट पत्र देऊन ते स्वतःच्या नावावर करून घेतले. २००३ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किट न्यायालयाने डोमेन नाव ही मालमत्ता आहे असा निकाल दिला आणि नोंदणीची तुलना जमिनीवर हक्क नोंदवण्याशी केली. त्याआधी २००० मध्ये व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने उलट म्हटले होते: नाव म्हणजे एका सेवेचा करार, कर्जवसुलीसाठी त्यावर टाच आणता येत नाही. आपल्याकडे १९९९ मध्ये रेडिफच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने रॅडिफ डॉट कॉमला मनाई केली ती लोकांची दिशाभूल होते म्हणून. तिथे प्रश्न जमिनीचा नव्हता, लौकिकाचा होता.

मला स्वतःला मुंबईची पागडी जास्त जवळची वाटते. घर आपले नाही, महिन्याचे भाडे नाममात्र, पण खोली सोडताना जाणारा भाडेकरू येणाऱ्याकडून मोठी रक्कम घेतो. डॉट कॉमची नोंदवही चालवणारी व्हेरिसाइन कंपनी वर्षाचे घाऊक भाडे दहा डॉलरच्या आसपास घेते आणि दहा वर्षांच्या पलीकडे कुणालाच पट्टा देत नाही. फेसबुकने २०१० मध्ये एफबी डॉट कॉमसाठी मोजलेले ८५ लाख डॉलर ही निव्वळ पागडी. फरक इतकाच की मुंबईत घरमालकालाही त्यातला वाटा मिळतो. इथे नावांची व्यवस्था उभारणाऱ्या सार्वजनिक पैशाला काहीच मिळत नाही. त्यापेक्षा आपल्या आरटीओतली पसंतीच्या क्रमांकाची पद्धत सरळ आहे. एक नंबर मिरवायचा तर पैसे सरकारी तिजोरीत भरा! आणि हे इंटरनेटवर अशक्य आहे असेही नाही. राखीव ओ डॉट कॉमच्या लिलावाला २०१९ मध्ये आयकॅनने मान्यता दिली ती पैसा सार्वजनिक हिताच्या कामाला जावा या अटीवर. उरलेल्या अक्षरांच्या बाबतीत हा विचार तीस वर्षे उशिरा सुचला.

या एफबीमागची गोष्ट मात्र थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. ती अक्षरे आधी अमेरिकन फार्म ब्युरो फेडरेशनची होती. १९१९ सालची ही शेतकऱ्यांची संघटना. फार्म ब्युरोची एफ आणि बी ही खरी आद्याक्षरे. तिने डॉट कॉम विकले आणि डॉट ऑर्ग ठेवले. दोन अक्षरांत दोन वेगळे अर्थ सुखाने राहत होते. ज्याला दुसरा अर्थ हवा होता त्याच्याकडे पैसा जास्त होता, एवढेच. अक्षरे कमी झाली की अशा दावेदारांची संख्या वाढते, आणि विकणाऱ्याचे सगळे गणित त्यावर चालते. तो नाव विकत नाही. त्या नावात पुढे कोण कोण मावू शकेल याची शक्यता विकतो. म्हणून ते जितके कमी बोलेल तितके चांगले.

इथे एक अपवाद सांगायलाच हवा. २०१९ मध्ये व्हॉइस डॉट कॉम तीन कोटी डॉलरना विकले गेले, आणि तो अर्थपूर्ण शब्द आहे. पण शब्द चित्रासारखा विकला जातो: एकेक, पारखून, गिऱ्हाईक मिळेपर्यंत वाट पाहून. अक्षरांचा जुडगा धान्यासारखा विकला जातो. कोणत्याही तीन अक्षरी डॉट कॉमला, ती अक्षरे कोणतीही असोत, एक तळभाव असतो. २०१५ मध्ये चीनमधल्या गुंतवणूकदारांनी हे टोकाला नेले. चिनी शब्दांच्या रोमन लिप्यंतरात स्वराने सुरू होणारे शब्द थोडे आणि 'व्ही'ने सुरू होणारा एकही नाही. म्हणून ए, ई, आय, ओ, यू आणि व्ही ही सहा अक्षरे वर्ज्य धरायची. उरलेल्या वीस अक्षरांची चार अक्षरी नावे १,६०,०००. त्यांना बाजारात 'चिप्स' म्हणू लागले, जुगाराच्या अड्ड्यावरच्या सोंगट्यांसारखे. ही नावे हजारोंनी, न वाचता, गठ्ठ्याने घेतली-विकली गेली. २०१६ उजाडले आणि भाव कोसळले. यातल्या काहींना खरा उपयोगही होता. जिंगडाँग या कंपनीने जेडी डॉट कॉम घेतले ते तिच्या नावाची आद्याक्षरे म्हणून. पण 'चिप्स' घेणाऱ्या बहुतेकांनी त्या चार अक्षरांचा कोणता शब्द होतो हे पाहिले असेल असे वाटत नाही. ज्या लिपीत स्वराला 'स्वयं राजते' म्हणतात तिच्यात वाढलेल्या माणसाला ही स्वरहीन टंकसाळ पाहून चमत्कारिक वाटते, एवढे नोंदवून पुढे जातो.

या प्रवासाचे शेवटचे स्टेशन एक्स डॉट कॉम. १९९९ मध्ये इलॉन मस्क यांच्या बँकिंग कंपनीचे ते नाव होते; ती कंपनी पुढे पेपाल झाली. २०१७ मध्ये मस्क यांनी पेपालकडून नाव परत विकत घेतले आणि २०२३ च्या जुलैत ट्विटरला ते दिले. ट्विटर हा शब्द जगभरच्या भाषांत क्रियापद झाला होता. मराठीतही लोक 'ट्वीट करत' होते आणि त्यासाठी कुणी परिभाषा समिती बसवली नव्हती. एखाद्या नावाच्या वाट्याला भाषेकडून याहून मोठा मान येत नाही. तो सोडून बीजगणितातले अज्ञात पद घेतले गेले. परिणाम आपण मराठी वर्तमानपत्रांत वाचतो: 'एक्स (पूर्वीचे ट्विटर)'. जगातल्या सर्वांत छोट्या नावाला एक कंस कायमचा सोबत घेऊन फिरावे लागते. नाव लोकांच्या वापराने मोठे होते, आखूडपणाने नाही, याचा यापेक्षा ढळढळीत पुरावा मला दुसरा सापडलेला नाही.

आता आपल्या लिपीकडे. २७ ऑगस्ट २०१४ रोजी डॉट भारत सुरू झाले, देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या आठ भाषांसाठी. त्यांत मराठी आणि कोकणीही आहेत. इथे आखूड नाव म्हणजे काय? 'श्री' आपल्याला एकच अक्षर. संगणक ते चार मोजतो: श, हलन्तचिन्ह, र आणि ईकार. शिवाय इंटरनेटच्या मूळ यंत्रणेला देवनागरी थेट कळत नाही. प्रत्येक नावाचे रोमन अक्षरे आणि अंक यांत रूपांतर होते आणि त्याआधी 'एक्सएन' व दोन आडव्या रेघा लागतात. खुद्द 'भारत' हा तीन अक्षरी शब्द त्या नोंदवहीत अकरा चिन्हांचा होतो: एक्सएन, दोन रेघा, एच टू बी आर जे नाइन सी. म्हणजे आखूडपणाच्या या बाजारात देवनागरी नाव उतरूच शकत नाही. काही मित्रांना हा अन्याय वाटतो. तांत्रिक बाजूने तो आहेही. देवनागरी पत्ता अजून अनेक ठिकाणी नीट उघडत नाही, ईमेलच्या खिडक्या तो नाकारतात. बाजाराच्या बाजूने मात्र मला ही सुटका वाटते. इथे शब्द घेणाऱ्याला तो वाचता यावा लागतो.

माझ्या सूची आता डॉट भारतवर आहेत, त्याच शब्दाखाली, देवनागरीत. पत्ता कुणाला पाठवला की कधी कधी पलीकडे एक्सएनची ती अगम्य ओळ दिसते आणि मला फोन येतो की साइटला व्हायरस लागलाय का. जुन्या नावाच्या पानावर परवा पुन्हा जाऊन आलो. फलक तसाच आहे, किंमत १,९०० वर आली आहे.