‘फ्लाइट ६६६’चे ध्वनिचित्रमुद्रण : सोळा शहरांची मैफल आणि आष्टीतील प्रेक्षक

प्रस्तावना

मराठी संगीतसमीक्षेने रॉक संगीताकडे फारसे लक्ष दिलेले नाही. डॉ. अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या कोटी मांडताना जनसंगीताला कला, लोक व भक्तिसंगीताच्या बरोबरीने स्वतंत्र स्थान दिले. त्यामुळे अशा अभ्यासाला सैद्धान्तिक आधार उपलब्ध झाला, परंतु त्याचा उपयोग प्रामुख्याने चित्रपटगीताच्या विचारासाठी झाला. रॉक वाद्यवृंदाच्या प्रत्यक्ष मैफलीचे ध्वनिचित्रमुद्रण हा तर त्याहूनही दुर्लक्षित विषय होय. ज्याला मैफलीस जाता आले नाही, त्याने घरी बसून पाहावयाची ती दुय्यम प्रत, अशीच त्याविषयीची सर्वसाधारण समजूत आहे. प्रस्तुत लेखात ‘आयर्न मेडन’ या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या ‘फ्लाइट ६६६’ (२००९) या मुद्रणाच्या आधारे ही समजूत तपासून पाहावयाची आहे. या मुद्रणाची निवड करण्याचे कारण असे की, त्याचा आरंभच मुंबईत होतो.

मुद्रणाची रचना

आयर्न मेडनने भारतात पहिला कार्यक्रम १७ मार्च २००७ रोजी बंगळूरु येथे केला. पुढच्याच वर्षी १ फेब्रुवारी २००८ रोजी त्यांच्या जागतिक दौऱ्याचा प्रारंभ मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातून झाला. एका बोइंग ७५७ विमानात वादक, तंत्रज्ञ आणि सर्व साहित्य घालून ४५ दिवसांत २३ कार्यक्रम करावयाचे, असा हा दौरा होता. आणि गायक ब्रूस डिकिन्सन हाच विमानाचा एक वैमानिक होता. सॅम डन व स्कॉट मॅकफेडियन या दिग्दर्शकांनी दौऱ्याचा माहितीपट केला. तो डीव्हीडीच्या एका भागात आहे, तर दुसऱ्या भागात मैफल आहे. येथे विचार करावयाचा आहे तो या दुसऱ्या भागाचा.

या भागात सोळा गीते आहेत व ती सोळा वेगवेगळ्या शहरांत चित्रित झालेली आहेत. ‘एसेस हाय’ मुंबईचे, त्यापुढचे मेलबर्नचे, नंतरचे सिडनीचे, मग ‘द ट्रूपर’ टोकियोचे. अशा क्रमाने ही यात्रा अखेरच्या गीतासाठी टोरांटोला पोहोचते. गीतांचा क्रम मात्र दौऱ्यातील कोणत्याही एका संध्याकाळचाच आहे. केव्हिन शर्ली यांच्या ध्वनिमिश्रणाने हे सारे एका रात्रीत घडल्यासारखे ऐकू येते. मुंबईकरांचा जल्लोष ओसरतो आणि मेलबर्नचा उसळतो. जोड कानाला जवळजवळ कळत नाही.

परिणामी ही मैफल पृथ्वीवर कोठेही झालेली नाही. मुंबईच्या मैदानावर जो उभा होता त्याने मुंबईची मैफल पाहिली, टोरांटोत जो होता त्याने टोरांटोची. सोळा शहरांची ही सलग मैफल केवळ घरात बसलेल्या प्रेक्षकालाच उपलब्ध झाली. तेव्हा या मुद्रणाला ‘प्रत’ म्हणताना मूळ कोणते, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. वाल्टर बेंजामिन यांनी १९३०च्या दशकात यांत्रिक पुनरुत्पादनामुळे कलाकृतीचे तेजोवलय लोपते असे प्रतिपादन केले. फिलिप ऑस्लँडर यांनी १९९९ मध्ये, मुद्रण अस्तित्वात आल्यावरच ‘जिवंत’ सादरीकरण ही कल्पना अर्थपूर्ण झाली, असा उलटा मुद्दा मांडला. ‘फ्लाइट ६६६’ला दुसऱ्याचे म्हणणे अधिक लागू पडते. तथापि बेंजामिन यांची खंतही निराधार ठरत नाही, हे पुढे दिसेल.

संकलनाच्या या पद्धतीत एक गोष्ट हरवते आणि ती म्हणजे स्थळ. मुंबईच्या वाट्याला एकूण पाचेक मिनिटे येतात. मुंबईत रॉक संगीताला स्वतःचा इतिहास आहे. धोबी तलावच्या रंगभवनात वर्षानुवर्षे असे कार्यक्रम झाले आणि शांतता क्षेत्राचे निर्बंध आल्यावर तेथील आवाज बंद झाला. या इतिहासाचा मागमूसही त्या पाच मिनिटांत नाही. उंचावलेले हात मुंबईचे की मेलबर्नचे, हे गीतांच्या यादीतील शहराचे नाव वाचूनच समजते. अपवाद न्यू जर्सीत चित्रित झालेल्या ‘राइम ऑफ द एन्शन्ट मरिनर’चा. कोलरिजच्या काव्यावर आधारलेली ही तेरा मिनिटांहून दीर्घ रचना अर्थातच एकाच शहरात राहते. मधल्या संथ भागात जहाजाच्या लाकडांची करकर तेवढी ऐकू येते. तेथे प्रेक्षकाला प्रथमच स्थिर बसावयास मिळते, आणि संपूर्ण मुद्रणातील सर्वांत समाधानकारक भाग हाच आहे.

चर्चिलचा आवाज

मुद्रणाचा प्रारंभ गाण्याने होत नाही. अंधारात ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांच्या भाषणाचा अंश ध्वनिक्षेपकावरून ऐकू येतो आणि त्याच्या शेवटच्या शब्दावर तीन गिटारी एकदम सुरू होतात. समुद्रकिनाऱ्यांवर, शेतांत, रस्त्यांवर लढू आणि कधीही शरण जाणार नाही, असे सांगणारे हे भाषण सर्वपरिचित आहे. ‘एसेस हाय’ हे १९८४ च्या ‘पॉवरस्लेव्ह’मधील गीत १९४० च्या हवाई युद्धातील ब्रिटिश लढाऊ वैमानिकाचे असल्याने ही योजना सुसंगत आहे. १९८५ च्या ‘लाइव्ह आफ्टर डेथ’ या मुद्रणातही ती होती.

या आवाजाचा इतिहास मुद्रणाच्या अभ्यासकाने लक्षात घेण्यासारखा आहे. चर्चिल यांनी हे भाषण ४ जून १९४० रोजी हाउस ऑफ कॉमन्समध्ये केले, तेव्हा ते ध्वनिमुद्रित झाले नव्हते. आज जगभर ऐकू येणारा आवाज त्यांनी १९४९ मध्ये पुन्हा वाचून मुद्रित केलेला आहे. म्हणजे युद्धकाळाचा अस्सल ध्वनी म्हणून जो ऐकविला जातो, तो युद्ध संपल्यावर आणि भारत स्वतंत्र झाल्यावर केलेला आहे. तो २००८ मध्ये मुंबईत वाजविला गेला, त्याचे पुन्हा मुद्रण झाले व ते घरातील पडद्यावर आले. ‘जिवंत’ म्हणवल्या जाणाऱ्या मैफलीचा पहिलाच ध्वनी मुद्रणाचे मुद्रण आहे.

याहून महत्त्वाची बाब त्या अंशाच्या कापणीत आहे. शरण न जाण्याच्या निर्धारापाशी अंश थांबतो. मूळ भाषण तेथे थांबत नाही. बेट शत्रूच्या हाती पडलेच, तरी समुद्रापलीकडील साम्राज्य ब्रिटिश आरमाराच्या रक्षणाखाली लढा चालू ठेवील, असे चर्चिल लगेच पुढे म्हणतात. संगीताच्या दृष्टीने कापणी अचूक आहे, कारण नकाराच्या त्या आघातावरच गिटार यावयास हवी. पण गाळलेल्या वाक्यात जे साम्राज्य आहे, त्यात वर्धा जिल्हा होता आणि आष्टीही होती.

१६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, आष्टीतील जमाव पोलीस ठाण्यावर तिरंगा लावण्यासाठी गेला. गोळीबार झाला, गावकरी हुतात्मे झाले, पोलीसही मारले गेले. त्याच दिवशी चिमूर येथेही उठाव झाला. ब्रिटनचे पंतप्रधान त्या वेळी चर्चिलच होते आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये, साम्राज्याचे विसर्जन करण्यासाठी आपण पंतप्रधान झालो नाही, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. शरण न जाण्याची भाषा आष्टीच्या माणसांनीही बोलून दाखवली होती, त्यांच्या भाषेत आणि त्याच सत्तेविरुद्ध. ‘शहीद आष्टी’ हे नाव रोजच्या व्यवहारात उच्चारणाऱ्या गावात हा आवाज ऐकणाऱ्या प्रेक्षकाला तो निव्वळ नाट्यमय प्रारंभ म्हणून ऐकता येणे कठीण आहे.

येथे घाईने निवाडा करणे योग्य होणार नाही. नाझीवादाविरुद्धचे ते युद्ध न्याय्य होते आणि मराठी माणूसही त्यात लढला. यशवंत घाडगे व नामदेव जाधव यांना इटलीतील पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शिवाय याच मुद्रणात बोगोटा येथे चित्रित झालेले ‘रन टु द हिल्स’ आहे. ते गोऱ्यांच्या आक्रमणाखाली सापडलेल्या अमेरिकेतील मूलनिवासींच्या तोंडून सुरू होते. वाद्यवृंदाला जिंकलेल्यांचा आवाज ऐकू येत नाही, असे म्हणता येत नाही. मात्र एकाच मैफलीत दोन्ही गीते शेजारी नांदतात आणि एकमेकांना काही विचारत नाहीत. टोकियोतील ‘द ट्रूपर’मध्ये लाल डगला घातलेला डिकिन्सन ब्रिटिश ध्वज फडकवितो, तेव्हाही हेच घडते. मैदानावरील समूहाला ते विचारावेसे वाटणार नाही, वाटू नये. तो तेथे त्यासाठी आलेलाच नसतो. घरातील प्रेक्षक मुद्रण थांबवू शकतो, मागे नेऊ शकतो, भाषण कोठे कापले आहे ते तपासू शकतो. ही सवलत कोणत्याही मैदानावर मिळत नाही.

झील कोणी धरावी ?

घरातील पाहण्याची उणीवही तितकीच खरी आहे. स्टीव्ह हॅरिसच्या बास गिटारची घोड्याच्या टापांसारखी दौडती लय हा या संगीताचा कणा होय. मैदानावर ती छातीवर आदळते. दूरचित्रवाणी संचाच्या लहान ध्वनिक्षेपकातून ती जेमतेम सूचित होते. आवाज वाढवावा तर भिंतीपलीकडे शेजारी असतात. भारनियमनाच्या वर्षांत विदर्भातील गावांत असे मुद्रण एका बैठकीत पूर्ण पाहावयास मिळणे हेही दुर्मीळच होते.

परंतु मुख्य उणीव ध्वनीच्या प्रमाणाची नसून प्रतिसादाची आहे. ब्यूनस आयर्सच्या ‘फिअर ऑफ द डार्क’मध्ये हजारो श्रोते शब्द नसलेली गिटारची धूनच गातात. पोवाड्यात शाहिराचा शब्द झीलकरी उचलून धरतात, भजनात ध्रुपद टाळकऱ्यांकडे परत येते, तसेच हे आहे. आष्टीच्या परिसराला या गोष्टीचा वेगळा परिचय करून द्यावा लागत नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील मोझरी येथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या साथीवर भजन आणि सामुदायिक प्रार्थनेची जी परंपरा उभी केली, तिच्यात श्रोता हा श्रोता राहतच नाही. १९४२ मध्ये त्यांना तुरुंगात टाकणाऱ्या सरकारला या सामूहिक गायनाचे सामर्थ्य समजले होते. त्या भजनांची मुद्रणे आज घरोघर वाजतात. ती ऐकताना कोणी ध्रुपद मोठ्याने म्हणतेच असे नाही. भक्तिसंगीत व रॉक यांच्यात साम्य शोधण्याचा येथे हेतू नाही, हेतू इतकाच की, दोहोंचे मुद्रण एकाच ठिकाणी तोकडे पडते. समूह ऐकू येतो, पण त्यात शिरता येत नाही. बेंजामिन यांच्या खंतीचा उल्लेख वर आला आहे, तो या अर्थाने घ्यावा.

‘फ्लाइट ६६६’ची सांगता टोरांटोत ‘हॅलोड बी दाय नेम’ने होते. पहाटेच्या फाशीची वाट पाहणाऱ्या कैद्याचे हे गीत आहे. आष्टी-चिमूर खटल्यांतही फाशीच्या शिक्षा झाल्या होत्या. त्या रद्द व्हाव्यात म्हणून अनसूयाबाई काळे यांच्यासह अनेकांनी दीर्घ प्रयत्न केले आणि अखेर १९४५ मध्ये उरलेल्या शिक्षाही जन्मठेपेत बदलल्या. गीतातील कैद्याला अशी सूट मिळत नाही. टोरांटोचे श्रोते त्याच्या शेवटच्या ओळी त्याच्यासह गातात. आष्टीतील घरात त्या वेळी खोलीतले दिवे चालू असतात, आवाज कमी ठेवलेला असतो आणि प्रेक्षकाला हवे तर सुरुवातीचा तो अंश पुन्हा लावता येतो.