‘नाव ऐकलंय का?’ एवढंच विचारून भागत नाही

सायटोमेगॅलोव्हायरस, म्हणजे सीएमव्ही. नाव ऐकलंय? नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. अमेरिका-ऑस्ट्रेलियातल्या पाळणाघरांत काम करणाऱ्या बऱ्याच जणींनीही ते ऐकलेलं नाही, असं तिथली सर्वेक्षणं सांगतात. सध्या मी असेच पेपर वाचतेय आणि त्यांच्याबद्दल माझी एक तक्रार आहे.

आधी विषाणूबद्दल थोडं. हा कांजिण्यांच्या विषाणूच्या कुळातला. एकदा शरीरात शिरला की कायमचा मुक्काम. निरोगी माणसाला बहुधा पत्ताही लागत नाही. लहान मुलांच्या लाळेतून आणि लघवीतून मात्र तो महिनोन्‌महिने बाहेर पडू शकतो, मूल ठणठणीत दिसत असलं तरी. खरी काळजी गर्भाची. अमेरिकेत साधारण २०० पैकी १ बाळ हा संसर्ग घेऊन जन्मतं आणि अशा दर ५ बाळांपैकी एकाला बहिरेपणासारखा दीर्घकाळचा त्रास होतो. दिवसभर डायपर बदलणारी ताई गरोदर असेल, तर हा तिच्या नोकरीतला धोका झाला.

आता तक्रार. बहुतेक प्रश्नावल्या विचारतात: नाव ऐकलंय का, कसा पसरतो, हात धुता का? आणि निष्कर्ष ठरलेला: जागरूकता कमी, प्रशिक्षण द्या. तुम्ही म्हणाल, यात चूक काय? माहिती हवीच. अमेरिकेतल्या युटा राज्याने २०१३ मध्ये कायदा करून ती पाळणाघरांपर्यंत पोचवायचं ठरवलं, ते चांगलंच झालं. पण ‘हात धुते’ हे तिने स्वतः दिलेलं उत्तर. एका ताईकडे मुलं किती, बेसिन डायपर बदलायच्या जागेपासून किती लांब, तिने हात धुवायला जायचं तर मुलांकडे कोण बघणार, हे विचारलंच नाही तर सगळी जबाबदारी अलगद तिच्या डोक्यावर येते.

शिवाय कोणत्या मुलाच्या लाळेत विषाणू आहे, हे बघून कळत नाही. म्हणून एखाद्या मुलाला वेगळं बसवण्यात अर्थ नाही. प्रत्येक डायपरनंतर साबणाने हात धुवायचे आणि मुलाचा उष्टा घास किंवा चमचा आपल्या तोंडात घालायचा नाही, हा नियम सगळ्या मुलांसाठी सारखाच.

हीच प्रश्नावली उद्या कुणी भाषांतर करून आपल्या अंगणवाडीत नेईल, याची मला धास्ती आहे. भारतात बहुतेक स्त्रियांना हा संसर्ग गरोदरपणाआधीच होऊन गेलेला असतो. तरी जुना विषाणू पुन्हा जागा होऊन किंवा त्याचाच दुसरा प्रकार शरीरात शिरून बाळापर्यंत पोचू शकतो. त्यामुळे ‘पहिला संसर्ग टाळा’ हा तिकडचा संदेश इथे जसाच्या तसा चालणार नाही.

तेव्हा असा पेपर हाती आला तर टक्केवारीच्या आधी प्रश्नावली उघडून बघा. सेविका आणि मदतनीस ताईंना नळ आणि साबणाबद्दल काही विचारलंय का?