भुरळ : घातली कोणी?

'भुरळ' हा शब्द मराठीत एकटा फिरत नाही. 'पडणे' किंवा 'घालणे' या क्रियापदाचा हात धरूनच तो येतो, आणि अर्थाची खरी मेख त्या क्रियापदात असते. 'मला भुरळ पडली' असे म्हटले की कर्ता नाहीसा होतो. अंधार पडावा तशी ती आपल्यावर पडते, दोष कोणाचाच नाही. 'भुरळ घातली' म्हटले की मात्र विचारावे लागते, कोणी? मूळ कल्पना मंत्रतंत्राची आहे. ज्याला भुरळ पडली त्याची बुद्धी त्याच्या ताब्यात राहत नाही. तिचीच शेजारीण 'भूल'. डॉक्टर भूल देतात ती वेदना कळू नये म्हणून. रानात भूल पडते तेव्हा वाट कळत नाही. 'चकवा लागला' म्हणणारा माणूस फिरून फिरून त्याच जागी येत असतो. या शब्दांत कौतुक नाही, सावधगिरी आहे.

संत पौल गलतीकरांवर रागावून जो प्रश्न विचारतो (अध्याय ३), तो मराठी बायबलच्या प्रचलित अनुवादात याच शब्दाने उतरला आहे. मूळ ग्रीक क्रियापदात दृष्ट लावण्याची छटा आहे. अनुवादकाने 'मोहिनी' न घेता 'भुरळ' घेतली, यात आम्हांला त्याचा कान दिसतो. मोहिनीला सौंदर्य चिकटलेले आहे. पौलाला ते नको होते. त्याला हवा होता तो घालणारा.

आजच्या लेखनात हा घालणारा हरवला आहे. पुस्तक-परीक्षणांत 'भाषेची भुरळ' असते. म्हणजे परीक्षकाला सांगण्यासारखे फारसे सापडले नाही, असे आम्ही समजतो. पण शब्दाची सर्वाधिक नासाडी प्रवासवर्णनांत आणि जाहिरातींत झाली आहे, आणि कर्जत-खालापूरच्या वाट्याला ती जरा जास्तच आली आहे. आपल्या धर्मग्रामांच्या पावसाळी सहलीही त्या बाजूला जातात, म्हणून हे लिहिणे. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांना माथेरानने भुरळ घातली आणि ते ठिकाण 'सापडले', अशी ती कथा. डोंगरात आधीपासून राहणाऱ्या ठाकर-धनगरांना ते ठाऊक होतेच. त्यांना कोणी शोधक म्हणत नाही. पुढे फार्महाऊसच्या जाहिराती आल्या. तिथेही निसर्गच भुरळ घालतो. जमीन विकणारा वाक्यात कुठेच नसतो.

डोंगर सुंदर नाहीत असे आमचे म्हणणे नाही. इर्शाळगडाचे नेढे पाहून थबकणार नाही असा माणूस विरळा. पण खालापूर तालुक्यातल्या त्या गडाखाली इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी होती. तिथे गाडीरस्ता जात नव्हता. चौकच्या बाजूने पायी चढावे लागे. भटक्यांच्या लेखनात ही पायवाट भुरळीचा भाग होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली तेव्हा त्याच पायवाटेने बचावपथके पावसात चढली. माती उपसणारी अवजड यंत्रे वर नेता आली नाहीत. दरडप्रवण ठिकाणांच्या सरकारी यादीत वाडीचे नाव नव्हते.

रस्ता नसणे हे पाहुण्याच्या वाक्यात सौंदर्य आणि रहिवाशाच्या वाक्यात उणीव. 'भुरळ' हा शब्द फक्त पाहुण्याचे वाक्य लिहू देतो. वाडीतली माणसे तिथे मोहून गेलेली नव्हती, ती तिथे राहत होती. शोधकार्य २३ जुलैला थांबवण्यात आले. २७ मृतदेह हाती आले होते. ५७ माणसे ढिगाऱ्याखालीच राहिली.